कार्यालयीन सर्व्हर आणि नॅससाठी फ्लॅश स्टोरेज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान-मध्यम कारखाने, पतसंस्था, सीए कार्यालये, रुग्णालये आणि त्यांचे सर्व्हर सांभाळणारे तंत्रज्ञ यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. नॅस म्हणजे नेटवर्कवरून सगळ्यांना फाइली पुरवणारी साठवण पेटी. फ्लॅश म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये डेटा साठवणे, आणि एसएसडी म्हणजे अशा चिप्सची ड्राइव्ह. सुरुवातीचे प्रश्न मूलभूत आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसऱ्यात लागला तर तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हार्ड डिस्क काढून एसएसडी लावली तर नेमकं काय बदलतं?

मुख्यतः प्रतिसादाचा वेळ बदलतो, म्हणजे मागणी केल्यापासून डेटा हातात येईपर्यंतचा वेळ. ७,२०० आरपीएमच्या (मिनिटाला इतके फेरे) डिस्कची तबकडी एक फेरा ८.३३ मिलिसेकंदांत पुरा करते. हवा तो भाग हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद जातात. त्याआधी हेडला योग्य ट्रॅक गाठायला ८-९ मिलिसेकंद लागलेले असतात. त्यामुळे विखुरलेल्या जागांवरून वाचताना एक डिस्क सेकंदाला जेमतेम ७५ ते १०० मागण्या पुऱ्या करते. १५,००० आरपीएमची महागडी डिस्कसुद्धा २०० च्या आसपास अडते. फ्लॅशमध्ये फिरणारे काहीच नाही. साधी साटा एसएसडी (साटा ही ड्राइव्ह जोडण्याची नेहमीची पद्धत, प्रश्न ४) तीच मागणी सुमारे १०० मायक्रोसेकंदांत पुरवते, आणि आतल्या अनेक चिप्स एकाच वेळी काम करत असल्याने सेकंदाला हजारो मागण्या सहज झेलते.

सलग वाचनात मात्र एवढी तफावत नाही. आजची मोठी हार्ड डिस्क सेकंदाला २०० ते २५० एमबी देते, साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत. म्हणून सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग, व्हिडिओंचा साठा, रात्रीचा बॅकअप यांसाठी हार्ड डिस्क अजूनही योग्य आहे. डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे एका सर्व्हरवर सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक), मेल सर्व्हर, हजारो लहान फाइलींची फोल्डरे ही फ्लॅशची खरी जागा.

२. अडचण डिस्कचीच आहे हे पैसे खर्च करण्याआधी कसं ओळखायचं?

मोजून. आणि मोजायचे ते सर्वाधिक गर्दीच्या वेळी: महिनाअखेरीला, पगाराच्या दिवशी, जीएसटीआर-१ ची ११ तारीख किंवा ३बी ची २० तारीख तोंडावर आली असताना. रविवारी दुपारी घेतलेल्या मोजमापाचा उपयोग नाही.

विंडोज सर्व्हरवर परफॉर्मन्स मॉनिटर उघडा, फिजिकल डिस्क गटातले वाचन आणि लेखन यांचे सरासरी सेकंद दाखवणारे दोन काउंटर निवडा आणि दर १५ सेकंदांनी एक नोंद या हिशेबाने पूर्ण कामाचा दिवस नोंदवा. आकडा सेकंदांत असतो, ०.०२० म्हणजे २० मिलिसेकंद. लिनक्सवर आयओस्टॅट ही आज्ञा ‘एक्स’ पर्यायासह चालवा. त्यातले वाचनाचे आणि लेखनाचे ‘अवेट’ हे रकाने थेट मिलिसेकंदांत असतात.

आकडा दिवसभर ५ मिलिसेकंदांच्या खाली असेल तर डिस्क निर्दोष आहे, दुसरीकडे पाहा. गर्दीत तो सतत २० च्या वर जात असेल आणि डिस्कमागे रांगही साचत असेल तर फ्लॅशचा फायदा नक्की दिसेल. मधल्या पट्ट्यात आधी रॅम तपासा. रॅम अपुरी असली की डेटाबेस तीच पाने डिस्कवरून पुन्हापुन्हा उचलतो. अशा वेळी ३२ जीबी रॅम वाढवल्याने जे साधते ते त्याच पैशांच्या एसएसडीने साधत नाही. एखादा अहवालच तेवढा मंद असेल तर त्या क्वेरीला (डेटाबेसकडे केलेल्या विचारणेला) इंडेक्स, म्हणजे शोधसूची, आहे का ते पाहा. नसेल तर फ्लॅशवरही ती सगळे टेबल चाळत बसेल.

एक सावधानता. आयओस्टॅटमधला वापराची टक्केवारी दाखवणारा शेवटचा रकाना एसएसडीसाठी फसवा आहे. निदान एक मागणी प्रलंबित असलेला काळ तो मोजतो. शंभर मागण्या समांतर झेलू शकणारी ड्राइव्ह दोनच मागण्यांवर १०० टक्के दाखवू शकते.

३. नॅसमध्ये एसएसडी घातल्या तरी फाइल कॉपी ११० एमबीवरच अडते. असं का?

कारण अडथळा केबलमध्ये आहे. १ गिगाबिट नेटवर्क म्हणजे सेकंदाला १२५ एमबी. प्रोटोकॉलचा खर्च वजा जाता हातात ११० ते ११८ उरतात. एकच चांगली हार्ड डिस्कही तेवढे भरून काढते. दोन पोर्ट जोडून लिंक अ‍ॅग्रिगेशन केले तरी एका संगणकाच्या एका कॉपीला सहसा एकाच पोर्टचा वेग मिळतो. नॅस आणि स्विच यांच्यात १० गिगाबिट, आणि निदान जड काम करणाऱ्या संगणकांपर्यंत २.५ गिगाबिट नेले तरच फ्लॅशचा वेग वापरकर्त्यापर्यंत पोहोचतो.

टॅलीसारखे पॅकेज शेअर्ड फोल्डरमधून उघडणाऱ्यांसाठी हे आणखी महत्त्वाचे. तिथे हजारो लहान वाचने नेटवर्कवरून जातात आणि प्रत्येक वाचनाला जाण्यायेण्याचा वेळ लागतो. वायफायवरच्या लॅपटॉपला सर्व्हरची कोणतीही ड्राइव्ह वाचवू शकत नाही. त्याला केबल द्या, किंवा प्रोग्राम सर्व्हरवरच चालवून रिमोट डेस्कटॉपने वापरा.

४. साटा, एसएएस की एनव्हीएमई?

या ड्राइव्ह सर्व्हरला जोडण्याच्या तीन पद्धती. साटाची मर्यादा ६ गिगाबिट, प्रत्यक्षात ५५० एमबी. एसएएस १२ गिगाबिट, आणि ड्राइव्हला दोन पोर्ट असल्याने दोन कंट्रोलरांच्या स्टोरेज अ‍ॅरेमध्ये तिला अजून स्थान आहे. पीसीआय एक्सप्रेस चौथ्या पिढीच्या चार लेनवरची एनव्हीएमई सेकंदाला ७ जीबीच्या आसपास वाचते. पण खरा फरक रांगांचा आहे. साटाच्या एएचसीआय पद्धतीत एकच रांग आणि तिच्यात ३२ आज्ञा मावतात. एनव्हीएमईच्या मानकात सुमारे ६४ हजार रांगांची आणि प्रत्येकीत तितक्याच आज्ञांची सोय आहे, त्यामुळे प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरला स्वतःची रांग मिळते.

नवा सर्व्हर घेत असाल तर एनव्हीएमईचे बे असलेलाच घ्या. जुन्या सर्व्हरमध्ये साटाच बसत असेल तर वाईट वाटून घेऊ नका. हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर येताना जी उडी मिळते तिच्यापुढे साटावरून एनव्हीएमईची उडी लहान आहे.

५. टीएलसी आणि क्यूएलसी यांत कामाचा फरक काय?

टीएलसीच्या एका पेशीत ३ बिट म्हणजे ८ विद्युत पातळ्या, क्यूएलसीत ४ बिट म्हणजे १६. पातळ्या जितक्या जवळ तितके लेखन सावकाश आणि झीज लवकर. संग्रह, वाचनप्रधान फाइल शेअर, दस्तऐवजांचे स्कॅन यांसाठी क्यूएलसी चालते. डेटाबेस आणि व्हीएमसाठी टीएलसी घ्या.

घरगुती क्यूएलसी ड्राइव्हच्या जाहिरातीतला लेखनवेग फक्त तिच्या एसएलसी कॅशपुरता असतो. काही पेशी तात्पुरत्या एका बिटावर चालवून तो मिळवलेला असतो. मोठा डेटाबेस रिस्टोअर करताना ही कॅश भरली की वेग हार्ड डिस्कच्याही खाली घसरू शकतो.

६. एसएसडी किती वर्षं टिकेल? टीबीडब्ल्यू आणि डीडब्ल्यूपीडी कसे वाचायचे?

टीबीडब्ल्यू म्हणजे हमीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील. डीडब्ल्यूपीडी म्हणजे हमीच्या काळात रोज ड्राइव्ह पूर्ण किती वेळा भरता येईल. ९६० जीबी, १ डीडब्ल्यूपीडी, ५ वर्षे याचा अर्थ ०.९६ × ३६५ × ५ = १,७५२ टीबी. १ टीबीच्या घरगुती ड्राइव्हवर ६०० टीबीडब्ल्यू लिहिलेले असते, तेव्हा ते ५ वर्षांसाठी सुमारे ०.३३ डीडब्ल्यूपीडी होते.

आता तुमचे लेखन मोजा. एनव्हीएमईच्या स्मार्ट अहवालात (ड्राइव्ह स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) लिहिलेल्या डेटा युनिटांचा आकडा असतो आणि एक युनिट ५,१२,००० बाइटांचे असते. सोमवारी एक नोंद घ्या, पुढच्या सोमवारी दुसरी. समजा फरक २८ लाख युनिटांचा आला, तर आठवड्याला १.४३ टीबी, रोजचे सुमारे २०५ जीबी. वरच्या ९६० जीबी ड्राइव्हवर हे ०.२१ डीडब्ल्यूपीडी होते, हमीच्या पाचव्या हिश्शाइतकेच. बहुतेक कार्यालयांचा हिशेब असाच निघतो, आणि तिथे ३ डीडब्ल्यूपीडीच्या ड्राइव्हसाठी जादा पैसे मोजणे व्यर्थ आहे. अपवाद कॅशच्या ड्राइव्हचा, तो प्रश्न ९ मध्ये आहे.

७. घरगुती एसएसडी बऱ्याच स्वस्तात मिळते आणि आकडेही तेच दाखवते. ती सर्व्हरला का लावू नये?

या पानावरचे एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

डेटाबेस प्रत्येक व्यवहार पक्का करताना ड्राइव्हला सांगतो की, हे कायमस्वरूपी लिहून झाल्यावरच मला कळव. घरगुती ड्राइव्हकडे वीज गेल्यावर तग धरण्याची सोय नसते, म्हणून तिला प्रामाणिक राहायचे तर प्रत्येक वेळी डेटा आणि पत्त्यांचा तक्ता फ्लॅशच्या पेशीत उतरवूनच उत्तर द्यावे लागते. एकेका लेखनाला मिलिसेकंद, कधी त्याहून जास्त लागतो. एंटरप्राइझ, म्हणजे सर्व्हरसाठी बनवलेल्या, ड्राइव्हवर कपॅसिटर असतात. वीज अचानक गेली तर आतल्या डीरॅममधला (वीज गेली की पुसल्या जाणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीतला) डेटा फ्लॅशवर उतरवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात साठलेली असते. त्यामुळे ती डीरॅममध्ये डेटा घेताच ‘झाले’ म्हणू शकते आणि तिचे उत्तर काही दहा मायक्रोसेकंदांत येते.

परिणाम असा की जाहिरातीत दोन्ही ड्राइव्ह सेकंदाला लाखो मागण्या दाखवतात, पण अशा पक्क्या लेखनात घरगुती ड्राइव्ह अनेकदा काही शेकड्यांवर येते आणि एंटरप्राइझ ड्राइव्ह हजारोंच्या घरात राहते. खात्री करायची असेल तर फिओ हे वेग मोजण्याचे साधन वापरा. ब्लॉक ४ केबी, रांगेची खोली १, एकच जॉब, प्रत्येक लेखनानंतर एफसिंक (पक्के लिहायला लावणारी आज्ञा), आणि चाचणी निदान ५ मिनिटे. चाचणी रिकाम्या ड्राइव्हवरच करा, डेटा पुसला जाऊ शकतो.

खरेदी करताना माहितीपत्रकात ‘पॉवर लॉस प्रोटेक्शन’ शोधा, पण तिथेच थांबू नका. काही ड्राइव्हमध्ये या शब्दांचा अर्थ एवढाच असतो की आधी लिहिलेला डेटा बिघडणार नाही. मार्गात असलेला डेटाही वाचतो असे स्पष्ट लिहिलेले हवे. एम.२ आकारात अशा ड्राइव्ह बहुधा २२११० (२२ मिमी रुंद, ११० मिमी लांब) मापाच्या असतात, कारण कपॅसिटरांना जागा लागते. तुमच्या बोर्डावर २२८० चीच सोय असेल तर आधी मोजून पाहा.

८. आमच्याकडे ऑनलाइन यूपीएस आहे. मग कपॅसिटरचे पैसे का द्यायचे?

यूपीएस भिंतीतल्या विजेची काळजी घेतो. सर्व्हरचा पॉवर सप्लाय जळणे, केबल निघणे, यूपीएसचीच बॅटरी भाराखाली दगा देणे यातले काही तो थांबवत नाही. दुसरे म्हणजे प्रश्न ७ मधला वेगाचा फायदा यूपीएसने मिळत नाही. ड्राइव्हला यूपीएस असल्याचे ठाऊकच नसते.

याच कारणाने, कपॅसिटर नसलेल्या ड्राइव्हवर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमधला राइट-कॅश बफर फ्लशिंग बंद करणारा पर्याय निवडू नका. वेग वाढलेला दिसेल, पण एका धक्क्यात डेटाबेस उघडेनासा होऊ शकतो.

९. सगळी जागा फ्लॅशवर नेणं परवडत नाही. एसएसडी कॅश लावून भागेल का?

कधीकधी. कॅश म्हणजे सतत लागणाऱ्या डेटाची प्रत जलद ड्राइव्हवर ठेवणे. रोज हाताळला जाणारा डेटा एकूण साठ्याच्या मानाने थोडा असेल आणि तोच पुन्हापुन्हा वाचला जात असेल तर वाचन कॅश छान चालते. १० टीबीच्या शेअरवर ३०० जीबी भाग सतत वापरात, हे तिच्यासाठी आदर्श. दर महिन्याला नवा व्हिडिओ एडिट करून बाजूला ठेवणाऱ्या स्टुडिओला तिचा जवळजवळ शून्य उपयोग, कारण प्रत्येक फाइल पहिल्यांदाच वाचली जाते. शिवाय बरीच कॅश सॉफ्टवेअर सलग वाचन मुद्दाम वगळतात. लिनक्सच्या बीकॅशमध्ये ही मर्यादा मूळ मांडणीत ४ एमबी असते. कॅश भरायला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या दिवशी निकाल लावू नका. दोन आठवड्यांनी हिट रेट, म्हणजे कॅशमधूनच पुऱ्या झालेल्या मागण्यांचे प्रमाण, पाहा.

लेखन कॅश हे वेगळेच प्रकरण आहे. राइट-बॅक पद्धतीत (आधी कॅशवर लिहून नंतर हार्ड डिस्कवर उतरवणे) काही काळ डेटाची एकमेव ताजी प्रत त्या एसएसडीवर असते. ती गेली तर मागच्या हार्ड डिस्क शाबूत असूनही संपूर्ण व्हॉल्यूम बिघडू शकतो. म्हणून राइट-बॅक कॅश नेहमी दोन ड्राइव्हच्या मिररवरच (दोन्हींवर तोच डेटा). सिनॉलॉजीच्या नॅसवर वाचन-लेखन कॅशसाठी किमान दोन एसएसडी मागतात त्या याचसाठी. कॅशची ड्राइव्ह काढायची असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून कॅश हटवा, साठलेला डेटा मागे उतरू द्या आणि मगच ड्राइव्हला हात लावा. कॅशवर सतत लेखन चालते, त्यामुळे इथे मात्र ३ डीडब्ल्यूपीडीची ड्राइव्ह योग्य.

आमचे ठाम मत असे की कार्यालयाचा डेटाबेस १५०-२०० जीबीचा असेल तर कॅशच्या भानगडीत पडू नये. दोन एंटरप्राइझ एसएसडींचा मिरर करून डेटाबेस आणि व्हीएम त्यावर ठेवावेत, बाकी फाइली हार्ड डिस्कवर राहू द्याव्यात. वेग पहिल्या मिनिटापासून मिळतो आणि बिघाड झाला तर काय कुठे आहे ते स्पष्ट असते.

१०. झेडएफएसवर एसलॉग आणि एलटूआर्क दोन्ही लावू का?

झेडएफएस ही अनेक ड्राइव्हचा एक पूल करून सांभाळणारी फाइल सिस्टिम; एसलॉग आणि एलटूआर्क या तिला मदतीला जोडायच्या जादा एसएसडी. दोन्हींचे काम वेगळे. एसलॉग फक्त पक्क्या, म्हणजे सिंक लेखनासाठी आहे. एनएफएसवरून (नेटवर्कवर फाइली वाटण्याची एक पद्धत) व्हीएम चालवत असाल किंवा डेटाबेस असेल तर फरक पडेल. विंडोज संगणकांना साधा फाइल शेअर देत असाल तर सहसा नाही. झेडएफएस साधारण दर ५ सेकंदांनी डेटा मुख्य पूलमध्ये उतरवते, म्हणून १० गिगाबिट नेटवर्कचे १.२५ जीबी × ५ सेकंद, त्याची दुप्पट धरली तरी १२.५ जीबी. १६ जीबी पुरतात. ड्राइव्ह मोठी नको, कपॅसिटरवाली हवी (प्रश्न ७).

एलटूआर्क ही वाचन कॅश, पण तिच्या प्रत्येक रेकॉर्डची नोंद रॅममध्ये राहते, नोंदीमागे साधारण ७० ते १०० बाइट. ८ केबी रेकॉर्ड असलेल्या डेटाबेससाठी १ टीबी एलटूआर्क लावली तर १२ कोटींहून अधिक नोंदी, म्हणजे ८ ते १२ जीबी रॅम त्यातच गेली. ३२ जीबीच्या सर्व्हरवर हा सौदा तोट्याचा. १२८ केबी रेकॉर्डवर तीच नोंद १ जीबीच्या आत बसते.

एलटूआर्क गेली तर डेटाला धक्का नाही. स्पेशल व्हीडेव्ह (पूलमधल्या डेटाच्या नोंदी ठेवणारा ड्राइव्हचा गट) गेला तर अख्खा पूल जातो, तो मिररशिवाय कधीही लावू नका.

११. एसएसडीवर कोणती रेड ठेवावी?

रेड म्हणजे अनेक ड्राइव्ह एकत्र जोडण्याची मांडणी. डेटाबेस आणि व्हीएमसाठी रेड १ (मिरर) किंवा १० (मिररच्या जोड्या). लहान लेखनामागे रेड ५ ला चार क्रिया कराव्या लागतात (जुना डेटा आणि पॅरिटी, म्हणजे हरवलेला डेटा परत काढण्यासाठीचा हिशेब, वाचणे, दोन्ही नव्याने लिहिणे), रेड ६ ला सहा, मिररला दोन. फ्लॅशवर पॅरिटीचे जादा लेखन झीजही वाढवते. वाचनप्रधान फाइल शेअरसाठी रेड ५ चालेल, कारण एसएसडीचा रिबिल्ड (बदललेल्या ड्राइव्हवर डेटा पुन्हा उभा करणे) हार्ड डिस्कपेक्षा खूप लवकर उरकतो.

जुने हार्डवेअर रेड कार्ड असेल तर दोन गोष्टी तपासा. कार्डच वेगाला अडसर होते का, आणि ते ट्रिम आज्ञा (कोणती जागा मोकळी झाली ते ड्राइव्हला कळवणारी) ड्राइव्हपर्यंत जाऊ देते का. बरीच जाऊ देत नाहीत (प्रश्न १२).

मिररच्या दोन्ही ड्राइव्ह एकाच दिवशी, एकाच खोक्यातून घेऊ नका. दोघींवर बाइट न् बाइट सारखे लेखन होते, त्यामुळे झीजही सारखीच आणि फर्मवेअरचा (ड्राइव्हच्या आतल्या सॉफ्टवेअरचा) दोषही सारखाच (प्रश्न १३).

१२. सहा महिने छान चालली, आता लेखन रखडतं. ड्राइव्ह खराब झाली का?

बहुधा नाही, ती भरली आहे. फ्लॅशवर लिहिता येते काही केबींच्या पानावर, पण पुसता येते कित्येक एमबींच्या ब्लॉकवरच. मोकळे ब्लॉक संपले की ड्राइव्ह अर्धवट भरलेल्या ब्लॉकमधली चालू पाने दुसरीकडे हलवते, ब्लॉक पुसते आणि मग तुमचा डेटा लिहिते. तुमच्या एका लेखनामागे आत तीन-चार लेखने होऊ लागतात.

आधी भरणा ८० टक्क्यांच्या खाली आणा. मग ट्रिम चालू आहे का पाहा. लिनक्सवर एफएसट्रिमचा आठवड्याचा टाइमर सक्रिय हवा, विंडोजवर ड्राइव्ह ऑप्टिमाइझ करण्याचे वेळापत्रक. ट्रिम मध्येच कुठेतरी अडकते ती बहुतेक या ठिकाणी: जुने रेड कार्ड, डिस्कार्ड (ट्रिम पुढे पाठवण्याचा पर्याय) बंद असलेली व्हीएमची व्हर्च्युअल डिस्क, आणि लिनक्सचे लक्स एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा डेटा लिहिणे), ज्यात ती परवानगी मुद्दाम द्यावी लागते. ट्रिम शक्यच नसेल तर ड्राइव्ह सिक्युअर इरेज करून १०-२० टक्के जागा विभाजन न करता तशीच सोडा. कंट्रोलर ती राखीव म्हणून वापरतो.

हे सगळे ठीक असेल तर तापमान पाहा. एनव्हीएमई ड्राइव्ह साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे स्वतःहून वेग कमी करू लागतात. विदर्भातल्या मे महिन्यात बंद लाकडी कपाटात ठेवलेला, हीटसिंक नसलेला एम.२ तिथे लवकर पोहोचतो.

१३. स्मार्ट अहवालात आयुष्य ९० टक्के शिल्लक होतं, तरी ड्राइव्ह एका क्षणात गेली. मग तो अहवाल कशाला पाहायचा?

तो फक्त पेशींची झीज सांगतो. कंट्रोलर किंवा फर्मवेअर बिघडले तर पूर्वसूचना मिळतेच असे नाही, आणि हार्ड डिस्कसारखा खरखरीचा आवाजही येत नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने स्वतः जाहीर केले होते की तिच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्यावर बंद पडतील आणि डेटा परत मिळणार नाही, फर्मवेअर बदलणे हाच उपाय. ३२,७६८ तास म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस, ८ तास. एकाच दिवशी सुरू केलेल्या रेडमधल्या सगळ्या ड्राइव्ह तो टप्पा एकत्रच गाठणार. अशा वेळी रेडची कोणतीही पातळी वाचवत नाही.

म्हणून दर तिमाहीला उत्पादकाच्या फर्मवेअर सूचना तपासा, स्मार्टमधली वापरलेली टक्केवारी, शिल्लक राखीव जागा आणि माध्यमातल्या त्रुटी नोंदवत राहा, आणि बॅकअप वेगळ्या प्रकारच्या माध्यमावर ठेवा. ट्रिम झालेल्या फाइली रिकव्हरीवालेही सहसा परत आणू शकत नाहीत.

१४. मग बॅकअप घेऊन एसएसडी तिजोरीत ठेवली तर?

नको. जेडेक या चिप-मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार लेखनाची पूर्ण मर्यादा वापरून झालेल्या एंटरप्राइझ एसएसडीने वीज नसताना ४० अंशांवर ३ महिने डेटा धरावा, आणि घरगुती एसएसडीने ३० अंशांवर १ वर्ष. नवी ड्राइव्ह याहून बराच जास्त काळ धरते, पण कपाटातल्या बॅकअपसाठी हार्ड डिस्क किंवा टेपच घ्या.

१५. डेटाबेसची लॉग फाइल आणि डेटा फाइल वेगळ्या एसएसडीवर ठेवायच्या का?

वेगासाठी आता गरज नाही. हार्ड डिस्कवर लॉगचे (प्रत्येक व्यवहाराच्या नोंदीचे) सलग लेखन आणि डेटाचे विखुरलेले वाचन हेडला इकडून तिकडे पळवत असे, फ्लॅशवर हेडच नाही. पण डेटाची ड्राइव्ह गेली तर आदल्या बॅकअपपासून शेवटच्या क्षणापर्यंतचे व्यवहार लॉगमधून परत मिळवता येतात, आणि त्यासाठी लॉग दुसऱ्या मिररवर असणे उपयोगी. तुमचा रिकव्हरी मॉडेल ‘सिंपल’ (जुना लॉग न जपणारा) असेल तर हा फायदाही नाही.

१६. विक्रेता १० टीबीच्या ऑल-फ्लॅश अ‍ॅरेला ‘४० टीबी इफेक्टिव्ह’ म्हणतो. विश्वास ठेवावा का?

तो आकडा डिडुप्लिकेशन (सारख्या डेटाची एकच प्रत ठेवणे) आणि कॉम्प्रेशन (आकुंचन) ४:१ धरून काढलेला असतो. एकाच साच्यातून बनवलेल्या पन्नास व्हीएम असतील तर तो मिळेलही. स्कॅन केलेल्या पीडीएफ, जेपेग, एक्स-रे, व्हिडिओ आधीच आकुंचित असतात आणि एन्क्रिप्ट केलेला डेटाबेस जवळजवळ १:१ वर येतो. स्वतःच्या डेटाचा नमुना देऊन चाचणी मागा आणि हमीचे प्रमाण, ते न मिळाल्यास जादा ड्राइव्ह विनामूल्य देण्याच्या अटीसह, खरेदी आदेशात लिहून घ्या.

१७. जुन्या एसएसडी भंगारात देताना किंवा हमीत परत करताना डेटा कसा पुसायचा?

फॉरमॅट पुरत नाही, वरून शून्ये लिहूनही पुरत नाही, कारण राखीव जागेतल्या जुन्या प्रतींपर्यंत ते लेखन पोहोचत नाही. हार्ड डिस्कसाठीचे चुंबकीय डिगॉसर फ्लॅशवर काहीच करत नाही. साटाला एटीए सिक्युअर इरेज, एनव्हीएमईला सॅनिटाइझ आज्ञा द्या, आणि ड्राइव्ह रेड कार्डमधून काढून थेट बोर्डाला जोडा, नाहीतर आज्ञा पोहोचणार नाही.

बंद पडलेली ड्राइव्ह कोणतीच आज्ञा ऐकत नाही, आणि हमीत परत जाते ती नेमकी हीच. म्हणून पहिल्या दिवसापासून एन्क्रिप्शन चालू ठेवा आणि किल्ली ड्राइव्हबाहेर ठेवा. खातेदारांची किंवा रुग्णांची माहिती असेल तर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ खाली सुरक्षेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. एन्क्रिप्शन नसलेली बंद ड्राइव्ह हमीवर पाणी सोडून चिप्ससकट नष्ट करा, किंवा निकामी ड्राइव्ह आपल्याकडेच ठेवू देणारी हमी खरेदीच्या वेळीच घ्या.